दशांश, नवस आणि सासूबाईंची औषधं: नागपुरातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं प्रकरण

हे कुटुंब कामठी रोडच्या बाजूच्या एका जुन्या ख्रिस्ती वस्तीत राहतं. ओळख पटू नये म्हणून कामाची ठिकाणं आणि काही तपशील बदलले आहेत, पैशांचं आपसातलं प्रमाण मात्र तसंच ठेवलं आहे. लिहायला दोघांनीही परवानगी दिली. नवऱ्याची अट एकच होती: "भांडण झालं तेही लिहा, टीचर. गोड गोड लिहू नका." मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांपैकी एक आहे. शाळेत वाणिज्य शिकवत होते, त्यामुळे पैशावरून घरात तेढ आली की मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, ते कुटुंब माझ्याकडे पाठवतात. या घरातली तेढ दशांशावरून होती, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवासाठी देण्यावरून.

बायको धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. नवरा इलेक्ट्रिशियन, बुटीबोरीच्या कारखान्यांमध्ये ठेकेदारामार्फत काम करतो. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. घर सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बांधलेलं, दोन खोल्यांचं. तीन वर्षांपूर्वी छत गळायला लागलं तेव्हा दुरुस्तीसाठी कर्ज काढलं, त्याचा हप्ता चालू आहे. सासूबाई अचलपूरला नणंदेकडे असतात. त्यांना साखर आणि बीपी दोन्ही. औषधांचा खर्च या घरानं उचलायचा, बाकी सगळं नणंदेनं पाहायचं, असं बहीण-भावात ठरलेलं.

प्रकरण उघडं पडलं ते नणंदेच्या फोननं. सासूबाईंची साखर चारशेच्या वर गेली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की तीन महिने त्या अर्ध्याच गोळ्या घेत होत्या, कारण नागपूरहून पैसे कधी अर्धे यायचे, कधी यायचेच नाहीत. नवऱ्याला वाटत होतं बायको दर महिन्याला पाठवते. त्यानं बँकेचं पासबुक काढलं. एका प्रचारकाच्या संस्थेला दर महिन्याला हजार रुपये जात होते, आणि जुलैमध्ये एकदम तीस हजार गेले होते. ते तीस हजार तिनं बायकांच्या भिशीतून दोन टक्के महिना व्याजानं उचललेले. त्या रात्री घरात जे झालं ते मुलांनी ऐकलं. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. रविवारी उपासना संपल्यावर नवरा पाळकांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, आजपासून आमच्या घरचा दशांश बंद. माझ्या आईच्या गोळ्या खाऊन देव मोठा होत असेल तर मला तो देव नको."

हे वाक्य पाळकांनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी मला फोन केला.

नवस

पहिल्या भेटीत मी फक्त बायकोचं ऐकलं. तिची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. पगार हातात आला की पहिली नोट बायबलमध्ये ठेवायची, मग घरचं सामान. "पहिले देवाचं, मग आपलं," हे ती लहानपणापासून पाहत आली. लग्नानंतरही ती देत होती, पण जमेल तसं. कधी पाचशे, कधी हजार.

एप्रिल 2021 मध्ये नवरा ऑक्सिजनवर गेला. नागपूरनं ती लाट कशी पाहिली ते इथल्या कुणाला सांगायला नको. ती स्वतः कोविड वॉर्डात ड्युटीवर होती आणि नवऱ्यासाठी बेड मिळवायला तिला अख्खी रात्र लागली. त्या रात्री तिनं देवाला बोलून ठेवलं: हा घरी परत आला तर दशांश एक महिनाही चुकवणार नाही, आणि तो पूर्ण पगारावर देईन, कापून हातात येतो त्यावर नाही. नवरा परत आला. तिनं शब्द पाळला, पण त्याला कधीच सांगितलं नाही. स्वतःच्या पूर्ण पगाराचा दहावा भाग ती पाकिटात घालून द्यायची आणि नवरा घरात जे पैसे देई त्यातूनही दहावा भाग गुपचूप बाजूला काढायची.

मग मोबाईलवर तो प्रचारक आला. त्याचं सांगणं असं की दशांश हे कर्तव्य आहे, आशीर्वाद हवा असेल तर त्याच्या वर "विश्वासाचं बी" पेरा, शंभरपट येईल. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. "तिच्या सीटसाठी पेरलं, टीचर. आपल्याजवळ डोनेशन भरायला पैसे नाहीत. हे तरी करू शकते असं वाटलं." या आईला कुणी लोभी म्हणू नये. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणं सोपं असतं. असं शिकवणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

त्यांचा सगळा भर बायबलमधल्या मलाखी 3:10 या वचनावर असतो: सर्व दशांश भांडारात आणा, म्हणजे मी आकाशकपाटं उघडून आशीर्वाद ओततो की नाही याची प्रतीती पाहा. वचन खरं आहे. पण ते कुणाला आणि कधी सांगितलं हे शिकवलं पाहिजे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांचा तो काळ. भांडार म्हणजे मंदिरातली धान्याची कोठारं. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्या कोठारांवर चालायचं. नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दिसतं की त्यांचा वाटा मिळेनासा झाला म्हणून लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. त्याच दहाव्या वचनात देव कारणही सांगतो: माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून. आणि त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात तो कुणावर रागावला आहे? मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांवर. अचलपूरला अर्धी गोळी घेऊन झोपणारी विधवा सासू त्या पानावर आधीपासूनच आहे. व्याजानं पैसे काढून प्रचारकाला पाठवा, असं तिथं काही नाही.

हे मी तिला समजावलं, तिनं मान्यही केलं. तरी तिचं रडं थांबेना, कारण तिचा अडसर प्रचारक नव्हता. अडसर होता नवस. "देवाला बोललेलं मोडलं तर? हा परत आजारी पडला तर?"

यावर उत्तर पाळकसाहेबांनी दिलं आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच. त्यांनी बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय उघडला. दशांश परमेश्वराचा आहे, पवित्र आहे, हे तिसावं वचन पुष्कळांना पाठ असतं. तो अध्याय सुरू होतो मात्र नवसापासून. नवस केलेल्या माणसाचं मोल किती शेकेल (त्या काळचं चांदीचं माप) हे तिथं ठरवून दिलं आहे आणि लगेच आठव्या वचनात म्हटलं आहे की नवस करणारा ते मोल भरू शकत नसेल इतका गरीब असेल, तर त्याला याजकापुढे, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितापुढे, आणावं आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. पाळक तिला म्हणाले, "नवस मोडायचा नाही, बाई. तो मंडळीपुढे आणायचा. ऐपत पाहून मोल ठरवणं हे नियमशास्त्रातच आहे. तू एकटीनं ओझं उचललंस, तेवढंच चुकलं."

ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "मग यांना सांगते."

नवऱ्याला नवसाचं कळलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या जिवासाठी बोलली अन् मलाच नाही सांगितलं? मला विचारलं असतं तर मीच दिले असते नं." राग गेला नव्हता, पण त्यानंतर तो दशांश बंद करण्याची भाषा बोलला नाही.

हिशोब

दुसऱ्या भेटीला मी वही घेऊन बसले. तिच्या हातात येतात 24,000. कापण्याआधीचा पगार 26,500. त्याचं काम पूर्ण असेल तर सरासरी 18,000. घरात महिन्याला 42,000.

खर्च तिनं सांगितला आणि त्यानं दुरुस्त केला. कर्जाचा हप्ता 7,800. शाळा, कॉलेज, ट्यूशन 6,500. किराणा, दूध, भाजी 11,000. वीज, गॅस, मोबाईल 3,200. दोन गाड्यांचं पेट्रोल 3,500, कारण बुटीबोरी लांब आहे. विम्याचे 1,200. भिशीचे 3,000 आणि भिशीच्या कर्जाचं व्याज 600. सासूबाईंच्या औषधांचे 2,200. इथवर बेरीज 39,000. यावर मंडळीत तिच्या पगाराचा दशांश 2,650, त्याच्या कमाईतला 1,800 आणि प्रचारकाला 1,000, म्हणजे देणगी 5,450. एकूण 44,450.

तूट 2,450. ती कुठून भरत होती हे वहीकडे पाहून कुणालाही कळलं असतं. ज्या महिन्यात कुणी आजारी पडलं, गाडी बिघडली, त्या महिन्यात अचलपूरचे पैसे थांबले. तिनं मुद्दाम सासूचं तोडलं नव्हतं. बाकी प्रत्येक देणेकऱ्याचा फोन येतो, सासूचा येत नाही, एवढंच.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू नेमकं हेच सांगतो. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, आईबापांना म्हणत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळालं असतं ते कुर्बान आहे, देवाला वाहिलेलं आहे. झालं, आईबापांची जबाबदारी संपली. येशू म्हणतो की असं करून तुम्ही देवाचं वचनच रद्द करता. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बायकोनं पदर डोळ्यांना लावला. नवरा म्हणाला, "वाचा, पण तिला बोलू नका." मला त्याच्याबद्दल फार बरं वाटलं.

इथं दोघांमध्ये एक खरा वाद झाला आणि तो नीट नोंदवायला हवा. त्याचं म्हणणं: आईची औषधं दशांशातच धरा, गरजूला दिलं म्हणजे देवाला दिलं. तिचं म्हणणं: आईचं आपलं आपण करायचंच आहे, त्याला दशांश म्हणायला लाज वाटते. मी तिच्या बाजूची आहे. आईचं औषध हे देणं आहे, दान नाही. ते हप्त्यासारखं सगळ्यात आधी गेलं पाहिजे. ते दानात धरलं तर उद्या पोराची फीही दानात धरता येईल आणि मग दान म्हणून काही उरणारच नाही. त्याच न्यायानं त्याचा दुसरा मुद्दाही मी मान्य केला नाही. मंडळीच्या हॉलची वायरिंग त्यानं मजुरी न घेता केली होती, ती मजुरी पैशात मोजून वजा करावी, असं तो म्हणत होता. ती सेवा मोठी आहे, मंडळी तिची आठवण ठेवते. पण सेवेचं बिल फाडायला लागलो की सेवा करणाऱ्यालाच त्यातलं सुख मिळेनासं होतं. हे त्याला लगेच पटलं नाही. नंतर पटलं की नाही, मी विचारलेलं नाही.

पूर्ण पगारावर द्यायचं की हातात येतं त्यावर, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. इस्राएलात दशांश शेताच्या उत्पन्नावर आणि गुराढोरांवर होता. पीएफ आणि ठेकेदाराची कपात त्या वचनांत शोधायला जाऊ नये. हातात येणाऱ्यावर ठरवा, पण खरं ठरवा, एवढंच मी म्हटलं.

दहावा भागच का, हा प्रश्न मोठा आहे आणि आपल्याकडच्या मंडळ्यांत त्यावर एकमत नाही. अब्राहामानं मलकीसदेक या याजक-राजाला दशांश दिला तो मोशेच्या नियमशास्त्राच्या कितीतरी आधी, म्हणून तो आजही लागू, असं काही जण शिकवतात. येशूनं पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना झापलं ते दिल्याबद्दल नाही, न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असं तो म्हणाला. दुसरीकडे येशूचा प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा दहाव्या भागाचं नावही घेत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मिळकतीप्रमाणे काढून ठेवावं, म्हणतो. आपल्याजवळ जे नाही त्याप्रमाणे नव्हे, जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, म्हणतो. कॅथलिक मंडळीच्या कायद्यात मंडळीच्या गरजा भागवण्याचं कर्तव्य आहे, टक्का नाही. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली तर दहावर थांबलेच नाहीत. मिळकत 30 पौंड होती तेव्हा 28 मध्ये भागवून 2 दिले, ती 60, 90, 120 झाली तरी 28 मध्येच भागवलं आणि बाकी देऊन टाकलं.

माझं मत सरळ आहे. दशांश ही हाताला लावायची सवय आहे. पगार झाल्याबरोबर पहिला भाग बाजूला काढला की उरलेल्या पैशाकडेही माणूस वेगळ्या नजरेनं पाहतो. ही सवय लहान टक्क्यानंही लागते आणि उसन्या पैशानं कधीच लागत नाही. नागपूरच्या मंडळ्यांना ती लागणं गरजेचंही आहे. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथं आले, तेव्हापासून कित्येक पिढ्या पाळकाचा पगार, शाळेचं छप्पर, दवाखान्यातली औषधं यांसाठी परदेशातल्या विश्वासणाऱ्यांनी पैसे पाठवले. तिकडेही ते पुष्कळदा गरिबांच्याच खिशातून आले होते. 29 नोव्हेंबर 1970 ला याच शहरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. आता आपली मंडळी आपणच चालवायची आहे. म्हणूनच देण्याची शिकवण भीतीवर उभी राहिली की मला काळजी वाटते. भीती गेली की देणंही जातं, त्या नवऱ्याचं पहिलं वाक्य आठवा.

काय ठरलं

प्रचारकाचे हजार त्याच दिवशी बंद झाले. औषधांचे 2,200 तिच्या खात्यातून महिन्याच्या दोन तारखेला थेट नणंदेला जातील अशी व्यवस्था नवऱ्यानं बँकेत जाऊन केली. देणं बंद करायचं नाही हे दोघांनाही मान्य होतं. भिशीचं कर्ज फिटेपर्यंत हातात आलेल्या मिळकतीच्या तीन टक्के, म्हणजे काम पूर्ण असेल तेव्हा 1,260. पुढे दर सहा महिन्यांनी बसून वाढवायचं, आणि वाढवायला दोघांची संमती लागेल. नवसाचं मोल असं नव्यानं ठरलं म्हणून पाळकांनी त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना केली.

नवऱ्याची आणखी एक मागणी होती आणि ती आम्हा पंचांसाठी होती. "आम्ही देतो ते कुठं जातं ते दाखवा." काही पंचांना हे टोचलं. मला नाही टोचलं. पौलानं मंडळ्यांची देणगी नेताना सोबत माणसं घेतली, या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये म्हणून. प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे योग्य ते आम्ही पाहतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आमचे हिशोब दरवर्षी तपासले जातात, धर्मादाय आयुक्तांकडे जातात. पण बाकावर बसणाऱ्या माणसाला ते कधी दिसत नव्हते. आता अर्पण दोघं जण मिळून मोजतात, दोघांची सही होते, आणि महिन्याची जमा-खर्चाची पाटी नोटीस बोर्डावर लागते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तिसऱ्या वर्षाचा दशांश लेव्याबरोबर परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आहे. त्या आधारावर जमेतला एक ठरावीक वाटा वस्तीतल्या गरजूंसाठी वेगळा ठेवायचा, असाही ठराव झाला. तो नवऱ्याच्या आग्रहावरून झाला हे मिनिटबुकात नाही, म्हणून इथं लिहिते.

नोव्हेंबरमध्ये मंडळीत उपकारस्तुतीचा सण झाला. लोकांनी आणलेली पहिली फळं वेदीपुढे ठेवली होती: काटोलकडची संत्री, तांदळाची पिशवी, कुणाची कोंबडी, कुणाची घरची अंडी. उपासनेनंतर हॉलमध्ये लिलाव. एका म्हाताऱ्या बाईंनी परसातला भोपळा आणला होता, बाजारात पन्नासला मिळाला असता. बोली शंभरवर अडली तेव्हा या नवऱ्यानं मागून दीडशे म्हटलं. कुणीतरी दोनशे केले. त्यानं अडीचशे. बायको त्याच्याकडे पाहायला लागली, तशी त्यानं मान हलवली: घरातले नाहीत, माझ्या चहापानाचे आहेत. साडेतीनशेला भोपळा त्याचा झाला, टाळ्या पडल्या आणि तो भोपळा त्यानं उचलून परत त्या म्हातारीच्याच हातात दिला. सक्तीनं नव्हे, संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो, हे वचन मी शाळेत मुलांना पाठ करून घ्यायचे. देणाऱ्याचा चेहरा असा असतो हे त्या दिवशी हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं.

आजची स्थिती अशी. दिवाळीला भिशीचे पैसे वाटले गेले, त्यातून तीस हजार फिटले, व्याज बंद झालं. सासूबाईंची साखर औषधं नियमित झाल्यावर उतरली. जानेवारीत टक्का तीनवरून पाच झाला. मार्चमध्ये नवऱ्याचं काम तीन आठवडे बंद होतं, तेव्हा रक्कम आपोआप कमी झाली आणि बायकोला पहिल्यांदाच त्याचा अपराध वाटला नाही. तीस हजार परत मिळावेत म्हणून प्रचारकाच्या संस्थेला दोनदा पत्र पाठवलं, उत्तर आलेलं नाही.

तिला अजून दहावर जायचं आहे आणि पूर्ण पगारावरच जायचं आहे. त्याला पाच पुरे वाटतात. यंदा मुलगी बारावीला जाईल. जूनमध्ये तिच्या क्लासची फी एकदम भरायची आहे. त्या महिन्यात पाच टक्के तसेच ठेवायचे की खाली आणायचे, हे दोघं मेच्या शेवटच्या रविवारी वही घेऊन ठरवणार आहेत, आणि या वेळी मुलीलाही सोबत बसवायचं असं तिनं सांगितलं आहे.